मुका पॅच बोलता करताना: रास्पबेरी पाय, प्योर डेटा आणि दुसरा कोअर

चार तारांचा तंबोरा, त्याला थोडा घुमारा आणि वर हार्मोनियमचा लेहरा. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डाकडून, प्योर डेटा या आवाज घडवायच्या प्रोग्राममध्ये मला एवढंच काम करून घ्यायचं होतं. तंबोरा छान वाजला. लेहरा जोडल्यावर मधूनमधून 'टक्' व्हायला लागलं. मग घुमाऱ्याचा, म्हणजे रिव्हर्बचा भाग प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर टाकला आणि टक् थांबलं. खरं तर सगळंच थांबलं. प्योर डेटाच्या खिडकीत एकही लाल ओळ नव्हती आणि स्पीकरमधून चिटपाखरूसुद्धा बोलेना.

अशा शांततेत सापडलेल्या नवख्या माणसासाठी हा लेख आहे. आज्ञा आणि ऑब्जेक्टांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची. नावापुढची नागमोडी खूण (~) म्हणजे टिल्ड. ती असलेला ऑब्जेक्ट आवाजाचा सिग्नल हाताळतो. प्योर डेटाला पुढे नुसतं 'पीडी' म्हणतो. ऑब्जेक्ट म्हणजे त्यातली एकेक चौकट, आणि अशा चौकटी तारांनी जोडून बनतो तो पॅच.

मुळात दुसरा कोअर हवा आहे का?

पीडी मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहायला घेतलं. आवाजाचं सगळं गणित ते एकाच धाग्यात, ६४ नमुन्यांच्या एकेका तुकड्यात करतं. ४८००० च्या सँपल रेटला, म्हणजे सेकंदाला ४८००० नमुने असताना, असा एक तुकडा १.३३ मिलिसेकंदांत संपवावा लागतो. तो वेळेत संपत नसेल आणि गाठीशी ठेवलेला बफरही रिकामा झाला, की टक् ऐकू येतं. तुमच्या बोर्डात चार कोअर असले तरी पॅच त्यातला एकच वापरतो. बाकीचे तिघे हातावर हात ठेवून बसतात.

म्हणून आधी 'एचटॉप' हा प्रत्येक कोअरचा भार दाखवणारा प्रोग्राम चालवून पाहा. एक पट्टी शंभराला टेकली आहे आणि बाकीच्या रिकाम्या आहेत, असं दिसलं तर दुसऱ्या कोअरचा उपयोग आहे. एकूण आकडा मात्र फसवा असतो. चार कोअरच्या बोर्डावर एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण २५ टक्केच दिसतात आणि आपल्याला वाटतं की अजून पुष्कळ जागा आहे. पीडीचा कोअर साठ टक्क्यांवर असूनही टक् येत असेल, तर दुसऱ्या कोअरच्या नादी लागू नका. ऑडिओ सेटिंगमधला विलंबाचा आकडा थोडा वाढवून पाहा, बहुतेक तेवढ्यानं भागतं.

पाय २ पासून पुढच्या सगळ्या क्रमांकांच्या बोर्डांना आणि झिरो २ डब्ल्यूला चार कोअर आहेत. पहिला पाय आणि पहिला झिरो एकाच कोअरचे आहेत. त्यांच्यावर हा उद्योग केला तर ओझं वाढेल, कमी होणार नाही.

घरमालक आणि पोटभाडेकरू

पीडी~ हा ऑब्जेक्ट पीडीची आणखी एक स्वतंत्र प्रत सुरू करतो आणि तिला आवाज पाठवतो, तिच्याकडून आवाज घेतो. त्या प्रतीला मी पोटपीडी म्हणतो, कारण तिचं वागणं हुबेहूब पोटभाडेकरूसारखं आहे. दार वेगळं, दिव्याचं बटण वेगळं, सामान वेगळं. मेन स्विच मात्र मालकाकडे. पोटपीडीला स्वतःचं घड्याळसुद्धा नसतं. मुख्य पीडी आवाजाचा एक तुकडा पाठवतं तेव्हा तिचं एक पाऊल पुढे पडतं. मुख्य पीडीत डीएसपी, म्हणजे आवाजाचं गणित, बंद असेल तर पोटपीडीतला साधा मेट्रोसुद्धा (ठरावीक वेळानं ठोका देणारा ऑब्जेक्ट) थिजून बसतो.

शांततेची बहुतेक कारणं या एका चित्रातून निघतात. आता एकेक तपासू. क्रम कानाकडून सुरू करून मागे मागे जायचा. नवीन माणूस नेमका उलट जातो. तो आधी पॅच उसवायला बसतो आणि दोन तासांनी कळतं की आवाज टीव्हीच्या केबलमधून बाहेर पडत होता.

पायरी १: पीडीला बाजूला ठेवा

पीडी बंद करा आणि टर्मिनलमध्ये 'एप्ले -एल' ही आज्ञा द्या. बोर्डाला दिसणारी सगळी साउंड कार्डं क्रमांकासह समोर येतील. एचडीएमआय (टीव्हीची केबल) हेही त्यांच्या लेखी साउंड कार्डच असतं. तुमचं कार्ड क्रमांक १ वर असेल तर 'स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:१ -सी २ -टी वेव्ह' चालवा. इथला 'डी' तेवढा मोठ्या लिपीतला हवा. डाव्या-उजव्या स्पीकरचं नाव घेणारा आवाज आला पाहिजे.

नाही आला, तर 'अल्सामिक्सर' उघडा, एफ ६ दाबून कार्ड निवडा आणि पट्टीखाली 'एमएम' लिहिलंय का बघा. तसं असेल तर ती पट्टी मुकी आहे, एम दाबून मोकळी करा. आणि पाय ५ असेल तर हेडफोनची खोबण शोधत बसू नका, त्या बोर्डावर ती दिलेलीच नाही. यूएसबी कार्ड किंवा वर बसवायचं साउंड बोर्ड घ्यावं लागतं.

पायरी २: मुख्य पीडी एकटं वाजवा

पीडी उघडा, पण पॅच उघडू नका. मीडिया मेनूत ऑडिओ आणि मिडी तपासायची एक तयार खिडकी आहे. तिच्यातला टेस्ट टोन ८० वर ठेवा. सूर ऐकू आला तर मुख्य पीडीपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे.

इथे एक खोच आहे. रास्पबेरी पायवर आवाज आत घ्यायची सोय मुळातच नाही. पीडीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इनपुट सुरू राहिलं, तर ते नसलेला माइक उघडायला जातं, तिथे अडखळतं आणि कधीकधी आउटपुटही धड उघडत नाही. इनपुटची खूण काढून टाका. टर्मिनलमधून पीडी सुरू करत असाल तर सोबत '-नोएडीसी' द्या.

कार्ड व्यस्त असल्याची तक्रार आली, तर दुसरं कुणीतरी ते अडवून बसलंय. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून डेस्कटॉपवर पाइपवायर हा आवाजाची वाटणी करणारा प्रोग्राम असतो, आणि उघडा ब्राउझर त्याच्यामार्फत कार्ड धरून ठेवू शकतो. ब्राउझर बंद करून पुन्हा बघा. फक्त वाजवण्यासाठी ठेवलेल्या बोर्डावर मी डेस्कटॉप टाकतच नाही.

पायरी ३: पोटपीडी जन्माला आली का?

पॅचमधल्या पीडी~ च्या चौकटीला तुटक रेघ असेल, तर ऑब्जेक्ट तयारच झालेला नाही. डेबियनच्या पद्धतीनं पीडी बसवलं असेल, तर पीडी~ 'प्योरडेटा-एक्स्ट्रा' या पॅकेजमध्ये येतं. ते राहिलं असेल तर बसवा.

चौकट अखंड असेल तरी पोटपीडी आपोआप सुरू होत नाही. 'पीडी~ स्टार्ट' आणि पुढे पोटपॅचच्या फाइलचं नाव, असा मेसेज पीडी~ च्या डाव्या इनलेटला (चौकटीच्या वरच्या कडेवरच्या खाचेला) द्यावा लागतो. त्यानंतर टर्मिनलमध्ये 'पीएस एएक्स' चालवून पाहा, पीडीच्या दोन प्रती दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर पोटपीडी एक तर सुरू झाली नाही, नाही तर सुरू होताच मेली.

मरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पडदा नसणं. तुम्ही लॅपटॉपवरून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरच्या टर्मिनलमधून, बोर्डात शिरला आहात, मुख्य पीडी '-नोगुई' देऊन सुरू केलंय आणि सगळं ठीक वाटतंय. पण ती सूट पोटपीडीला आपोआप मिळत नाही. ती खिडकी उघडायला जाते, पडदा सापडत नाही आणि गुपचूप मान टाकते. मेसेजमध्येच '-नोगुई' घाला: 'पीडी~ स्टार्ट -नोगुई' आणि मग फाइलचं नाव. याचा एक फायदाही होतो. पोटपीडीतल्या प्रिंटच्या ओळी मग टर्मिनलवर दिसायला लागतात.

फाइलच्या नावात मोकळी जागा नको, कारण मेसेजमध्ये जागा आली की पीडी तिथे शब्द तोडतं. मुख्य पॅच आणि पोटपॅच एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पीडी~ ची 'कान्ट स्टॅट' अशी तक्रार दिसली तर त्याला पीडीचा प्रोग्राम किंवा त्याची जोडफाइल सापडत नाहीये. तेव्हा ऑब्जेक्टच्या चौकटीत '-पीडीडिर' लिहून पीडी कुठल्या फोल्डरमध्ये बसवलंय तो पत्ता द्यावा लागतो.

आणखी एक साधी गोष्ट, जिच्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली: पोटपीडी फाइल डिस्कवरून वाचते. पोटपॅच तुम्ही वेगळ्या खिडकीत उघडून बदलला, तर तो सेव्ह करून स्टार्टचा मेसेज पुन्हा दिल्याशिवाय बदल ऐकू येत नाही.

पायरी ४: दोन्ही घरांचे दिवे

पहिल्या तीन पायऱ्या नीट पार पडल्या आणि तरी शांतता आहे, तर मी पैज लावायला तयार आहे की पोटपीडीत डीएसपी बंद आहे. मुख्य खिडकीतली डीएसपीची खूण फक्त मुख्य पीडीची. पोटपीडीला वेगळं सांगावं लागतं.

सांगायचं कसं, यात मोठा घोटाळा होतो. 'पीडी डीएसपी १' असा मेसेज तारेनं पीडी~ ला जोडला तर तो पोटपीडीला मिळतो. त्याच शब्दांच्या आधी अर्धविराम टाकला तर मेसेज तारेतून जातच नाही, तो मुख्य पीडीला स्वतःलाच लागू होतो. पीडीत डीएसपी सुरू करायला सगळीकडे अर्धविरामवालाच मेसेज वापरलेला दिसतो, म्हणून नवीन माणूस तोच उचलून पीडी~ ला जोडतो. तार दिसते, क्लिक होतं आणि घडत काहीच नाही.

मी हा प्रश्नच मिटवून टाकला आहे. पोटपॅचमध्ये एक लोडबँग (पॅच उघडताच आपोआप सुटणारा ऑब्जेक्ट) ठेवतो आणि त्याला अर्धविरामासह 'पीडी डीएसपी १' जोडतो. तो मेसेज पोटपीडीच्या घरात असल्यामुळे तिचाच दिवा लावतो. मुख्य पॅचमध्येही तसंच करतो. दोघांनी आपापले दिवे लावावेत, कुणी कुणावर अवलंबून राहू नये. मेन स्विच मालकाकडे असतो हे मात्र लक्षात असू द्या. मुख्य पीडीत डीएसपी बंद असेल तर पोटपीडीचा दिवा लावून काहीच उजेड पडत नाही.

पायरी ५: पाच मिनिटांचा पोटपॅच

अजूनही आवाज नाही? तुमचा मोठा पोटपॅच बाजूला ठेवा आणि एक छोटा बनवा: सूर काढणारा ऑस्क~ ४४०, त्याखाली पातळी घटवणारा *~ ०.१, त्याखाली आवाज बाहेर देणारा डॅक~, आणि बाजूला वर सांगितलेला लोडबँग. बस्स. पोटपीडीतला डॅक~ साउंड कार्डाकडे जात नाही, तो मुख्य पॅचमधल्या पीडी~ च्या आउटलेटमधून (चौकटीच्या खालच्या खाचेतून) बाहेर पडतो. पोटपीडीत आवाज आत घेणारा एडीसी~ ठेवला तर पीडी~ च्या इनलेटमध्ये येणारा आवाज तिथे मिळतो.

मुख्य पॅचमध्ये पीडी~ च्या आउटलेटला एन्व~ आणि त्याखाली नंबर बॉक्स जोडा. एन्व~ आवाजाची पातळी डेसिबलमध्ये दाखवतो आणि पीडीच्या हिशेबात १०० म्हणजे पूर्ण पातळी. या छोट्या पॅचला ७७ च्या आसपास आकडा दिसायला हवा. आकडा दिसतोय पण ऐकू येत नाही, तर बिघाड पीडी~ च्या पुढे आहे. आकडा शून्य असेल तर मागे. इथे शोध अर्ध्यावर येतो. मोठ्या पॅचमध्येही मी दर टप्प्याला एकेक एन्व~ लावून ठेवतो, काम झाल्यावरही काढत नाही.

आकडा शून्य असेल तर सगळ्यात आधी आउटलेट मोजा. पीडी~ ला काहीच न सांगता बनवलं तर दोन आवाजाचे आउटलेट मिळतात, पण खाली दिसतात तीन! सगळ्यात डावीकडचा आवाजाचा नाही, तो पोटपीडीकडून येणाऱ्या मेसेजचा आहे. सवयीनं आपण डावा आउटलेट डॅक~ च्या डाव्या कानाला जोडतो आणि तिथेच फसतो. तारेची जाडी बघा. आवाजाची तार जाड असते, मेसेजची बारीक.

वाहिन्यांची संख्याही जुळायला हवी. पीडी~ ला '-एनआउटसिग २' दिलंय आणि पोटपॅचमध्ये डॅक~ ३ ४ लिहिलंय, तर तिसरी-चौथी वाहिनी बाहेर यायला दारच नाही.

पायरी ६: निरोप पोहोचतात का?

छोटा पॅच वाजतो पण तुमचा खरा पॅच मुका, अशी वेळ असेल तर संशय निरोपांवर. माझ्या तंबोऱ्याचं नेमकं हेच झालं होतं. पट्टी बदलायचा स्लायडर मुख्य पॅचमध्ये होता. तो सेंडनं 'सूर' या नावावर आकडा पाठवत होता आणि ज्या भागात तो आकडा झेलायचा तो भाग मी उचलून पोटपॅचमध्ये नेला होता. एका घरात हाक मारली की दुसऱ्या खोलीत ऐकू जाते, पण पोटभाडेकरूच्या बंद दारापलीकडे नाही. आकडा पोहोचलाच नाही, वारंवारता शून्यावर राहिली आणि शून्य हर्ट्झचा तंबोरा कुणालाच ऐकू येत नाही.

सेंड-रिसीव्ह, थ्रो~-कॅच~, टेबल, अॅरे यातलं काहीच दोन पीडींमध्ये सामाईक नसतं. पलीकडे आकडा पाठवायचा तर मेसेज बॉक्समध्ये 'सूर डॉलर-एक' असं लिहा (डॉलरचं चिन्ह आणि लगेच १), स्लायडर त्याला जोडा आणि त्याची तार पीडी~ च्या डाव्या इनलेटला. पहिला शब्द ज्या रिसीव्हचं नाव असेल, त्याला पोटपीडीत बाकीचा मजकूर मिळतो. स्लायडरवर १३८.६ आला तर पलीकडे 'सूर' नावाच्या रिसीव्हमधून १३८.६ बाहेर पडेल, म्हणजे खालच्या सप्तकातली काळी एक.

हेच लिस्ट प्रीपेंडनं करणाऱ्यांनी शेवटी लिस्ट ट्रिम लावायला विसरू नये. नाही तर मेसेजच्या पुढे 'लिस्ट' हा अदृश्य शब्द चिकटून राहतो आणि पोटपीडी 'लिस्ट' नावाच्या पत्त्यावर पत्र टाकते. त्या पत्त्यावर कुणी राहत नाही.

उलट दिशेनं, पोटपीडीकडून मुख्य पॅचकडे निरोप आणायचा तर पोटपॅचमध्ये 'एसटीडीआउट' हा ऑब्जेक्ट वापरतात. त्यात टाकलेलं सगळं त्या डावीकडच्या, बारीक तारेच्या आउटलेटमधून बाहेर येतं. पोटपीडीतल्या एन्व~ चा आकडा बघायचा असेल तर हाच रस्ता.

आवाज आला, पण...

सूर चढा लागतोय? मदतीच्या पॅचमधून उचललेल्या ओळीत '-एसआर ४४१००' राहून गेलं असेल आणि तुमचं कार्ड ४८००० वर चालत असेल. मग पोटपीडीचा सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एकचा सा पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या वाटेला लागतो. '-एसआर' काढून टाका, पीडी~ मुख्य पीडीचा रेट आपणहून उचलतं.

तुटक येतोय? मुख्य पीडी प्रत्येक तुकड्यासाठी पोटपीडीची वाट पाहतं. मधे साठवण किती ठेवायची ते '-फिफो' ठरवतं. ती न सांगितल्यास ५ तुकडे असते, म्हणजे ४८००० ला सुमारे ६.७ मिलिसेकंद. २० केली तर २६.७ मिलिसेकंद उशीर होतो. तंबोऱ्याला याचा काहीच फरक पडत नाही, त्यामुळे मी बिनधास्त २० ठेवतो. बोट लावताच वाजायला हवं असं वाद्य असेल तर आकडा लहान ठेवा आणि असं वाद्य मुख्य पीडीतच ठेवा. पोटपीडीला रिव्हर्बसारखी उशीर सोसणारी कामं द्यावीत.

दोन कोअर राबायला लागले की बोर्ड जास्त वीज ओढतं आणि जास्त तापतं. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही आज्ञा देऊन बघा. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००५ आलं तर या क्षणी वीज कमी पडतेय आणि वेगही कापला जातोय. ०एक्स५०००० म्हणजे आता ठीक आहे, पण बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी तसं घडून गेलंय. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. फोनचा जुना चार्जर आणि लांबलचक केबल ही जोडी बाजूला ठेवा. तापमान ८० अंशांच्या पुढे जात असेल तर पंखा नाही तर हीटसिंक बसवा.

टेबलावर वाजतो, बूट झाल्यावर नाही

बोर्ड पेटीत बंद करून नुसतं बटण दाबल्यावर पॅच सुरू व्हायला हवा असेल, तर शांतता पुन्हा एकदा भेटते. यूएसबी कार्डाचा क्रमांक प्रत्येक वेळी तोच राहील याची खात्री नसते. आज १, उद्या ०. शिवाय पीडी सुरू होतं तेव्हा कार्ड अजून जागंही झालेलं नसू शकतं.

दुसऱ्या अडचणीवर माझा उपाय अगदी गावठी आहे: सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये पीडीच्या आधी 'स्लीप १०'. क्रमांकाच्या घोळाला आळा घालायला वापरात नसलेली कार्डं बंद करून टाका. बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये बोर्डाच्या आतल्या ऑडिओची ओळ 'ऑन' ची 'ऑफ' केली की हेडफोनचं कार्ड यादीतून जातं. एचडीएमआयचं वेगळं आहे. पाय ४ वर त्याच फाइलमधल्या व्हीसी४ च्या (पडद्याच्या ड्रायव्हरच्या) ओळीपुढे स्वल्पविराम देऊन 'नोऑडिओ' जोडावं लागतं. मग पुन्हा बूट करून 'एप्ले -एल' चालवा. यादीत एकच कार्ड उरलं असेल तर तोच क्रमांक पीडीच्या सुरुवातीच्या ओळीत लिहा आणि पेटीचे स्क्रू आवळण्याआधी पाच-सहा वेळा वीज बंद-चालू करून बघा.